हाड आणि कूर्चेच्या पेशींवर यांत्रिक भार देताना या चुका टाळा

यंत्राच्या स्क्रीनवर १०% स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल) दिसतो. पेशीपर्यंत त्यातला किती पोचला, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. हाड आणि कूर्चेच्या पेशींवरचे प्रयोग फसतात ते बहुतेक वेळा इथेच. त्यामुळे जनुकांचे निकाल तपासण्याआधी भार तपासा.

हाडाचा स्ट्रेन थेट पेशीला लावणे

जोरदार हालचालीतसुद्धा हाडाच्या पृष्ठभागावरचा स्ट्रेन ०.२ ते ०.३ टक्क्यांच्या वर क्वचितच जातो. तेवढाच स्ट्रेन सिलिकॉनच्या पडद्यावर वाढवलेल्या पेशींना दिला, तर पुष्कळदा काहीच घडत नाही. म्हणून पेशी खराब आहेत असा निष्कर्ष काढू नका. हाड किंचित वाकले की त्याच्या सूक्ष्म नलिकांतला द्रव ढकलला जातो आणि ऑस्टिओसाइटच्या (हाडाच्या आत रुतलेल्या पेशींच्या) शाखांना तो प्रवाह जाणवतो. गणिती प्रारूपांनुसार तिथला शिअर (वाहत्या द्रवाचा पृष्ठभागावर घासत जाणारा ताण) साधारण ०.८ ते ३ पास्कल असतो. ऑस्टिओसाइटचा प्रश्न असेल तर प्रवाहाचा प्रयोग निवडणे जास्त योग्य.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते: हाडाच्या पेशींना १०% ताणायचे आणि त्याला व्यायामाइतका भार म्हणायचे. अखंड हाड साधारण २ टक्क्यांच्या आसपासच मोडते. १०% ताणून मिळालेला प्रतिसाद खरा असेलही, पण तो रोजच्या चालण्याबद्दल काही सांगत नाही.

फ्लो चेंबरमधली उंची गृहीत धरणे

समांतर पट्ट्यांच्या चेंबरमध्ये, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या फटीतून पेशींवर द्रव वाहवणाऱ्या साधनात, शिअर = ६ × चिकटपणा × प्रवाह ÷ (रुंदी × उंचीचा वर्ग). रुंदी २५ मिमी, उंची ०.२५ मिमी आणि मीडियमचा (पेशी वाढवण्याच्या द्रवाचा) चिकटपणा ०.७८ मिलिपास्कल-सेकंद असेल, तर १ पास्कलसाठी मिनिटाला सुमारे २० मिली प्रवाह लागतो. उंचीचा वर्ग होतो, म्हणून गॅस्केट (पट्ट्यांमधली रबरी पट्टी) जास्त आवळून उंची १०% घटली तर शिअर २३ टक्क्यांनी वाढतो. दरवेळी स्क्रू त्याच क्रमाने आणि तितकेच आवळा. शक्य असेल तर जोडलेल्या चेंबरची उंची मोजा. चिकटपणा पुस्तकातून उचलू नका: पाण्याचा चिकटपणा २५ अंशांवर ३७ अंशांपेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त असतो, आणि सीरम घातल्यावर मीडियमचा आणखी वाढतो.

प्रवाह सुरू होताच पेशी सुटून आल्या तर आधी बुडबुडे शोधा. थंड मीडियम चेंबरमध्ये गरम झाले की त्यात विरघळलेली हवा बाहेर येते, आणि बुडबुड्याची कड पेशी खरवडून नेते. मीडियम आदल्या रात्रीपासून इन्क्युबेटरमध्ये सैल झाकणाने ठेवा, नळ्या आधी भरून घ्या आणि प्रवाह हळूहळू वाढवा. पंप इन्क्युबेटरबाहेर असेल तर मीडियम अल्कधर्मी होते. तिथे १० ते २५ मिलिमोलर हेपेस (आम्लता स्थिर ठेवणारे बफर) घाला.

कंट्रोल म्हणजे शेल्फवर पडलेली प्लेट नव्हे

पडदा ताणला की वरचे मीडियमही हलते. त्यामुळे ताणाचा परिणाम आणि हलणाऱ्या द्रवाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. तसल्याच पडद्यावर, त्याच लेपासह, त्याच इन्क्युबेटरमध्ये एक स्थिर प्लेट ठेवा. शिवाय मीडियम हलवले जाईल पण पडदा ताणला जाणार नाही, अशी दुसरी प्लेटही ठेवा. मीडियम बदलण्याने आणि पिपेटच्या झोताने पेशी एटीपी (एक संकेत-रेणू) सोडतात, म्हणून भार देण्यापूर्वी त्यांना काही तास शांत राहू द्या. प्लेट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेली असेल, तर कंट्रोलही तसाच न्या.

कूर्चेच्या पेशी सपाट प्लेटवर फार काळ ठेवणे

सपाट पृष्ठभागावर कॉन्ड्रोसाइट (कूर्चेच्या पेशी) पसरतात, कूर्चेचे टाइप २ कोलॅजन कमी करतात आणि टाइप १ बनवू लागतात. तिसऱ्या-चौथ्या पॅसेजच्या (प्लेटवरून काढून नव्या प्लेटवर वाढवण्याच्या फेरीच्या) पेशींवर दाब देऊन मिळालेले उत्तर कूर्चेचे नसते. शक्यतो पहिल्या-दुसऱ्या पॅसेजमध्येच काम करा. कमी तापमानाला गोठणारे ४% अॅगारोज (जेल बनवणारा पदार्थ) आणि पेशींचे मिश्रण समप्रमाणात मिसळा, म्हणजे अंतिम प्रमाण २% होते. पेशी दर मिलीला १ ते २ कोटी. अॅगारोज ३७ ते ४० अंशांवर आल्यावरच मिसळा, त्याहून गरम असताना पेशी मरतात. मग काही दिवस भार न देता वाढवा, म्हणजे पेशीभोवती तिचे स्वतःचे आवरण तयार होते. ते नसताना मिळणारा संकेत वेगळाच असतो.

या जेलच्या चकतीची जाडी प्रत्येक वेळी मोजा. ०.२ मिमी दाबणे म्हणजे १.८ मिमीच्या चकतीत ११% आणि २.२ मिमीच्या चकतीत ९%.

१ हर्ट्झला १०% दाब देताना जेल पूर्ण सावरण्याआधीच प्लेटन (दाब देणारी पट्टी) वर उचलला जातो आणि संपर्क तुटतो. बलाचा आलेख पाहा: प्रत्येक आवर्तनाच्या तळाशी तो शून्यावर सपाट दिसला तर हीच अडचण आहे. आधी थोडा स्थिर दाब द्या आणि त्याच्यावर हेलकावा चढवा. फक्त त्या स्थिर दाबाचा कंट्रोल मात्र हवाच, कारण नुसता स्थिर दाब प्रोटिओग्लायकन (कूर्चेत पाणी धरून ठेवणारे रेणू) घटवू शकतो. हेलकावणारा मध्यम दाब ते वाढवू शकतो. ५० टक्क्यांपर्यंत झटक्यात दाबणे हे इजेचे प्रारूप झाले, व्यायामाचे नव्हे.

ऑस्मोलॅलिटीकडे (द्रवात विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाकडे) फार थोड्यांचे लक्ष जाते, आणि याचे वाईट वाटते, कारण दुरुस्ती सोपी आहे. कूर्चेच्या आत ती ३५० ते ४५० मिलिऑस्मोल असते, नेहमीच्या मीडियममध्ये सुमारे ३००. म्हणजे पेशी आधीच फुगलेल्या असतात. पेशीच्या आवरणातली टीआरपीव्ही४ सारखी चॅनल्स (आयनांचे मार्ग) हा बदल ओळखतात, त्यामुळे भार आणि फुगणे यांची सरमिसळ होते. मीडियमची ऑस्मोलॅलिटी मोजा आणि अहवालात लिहा.

चुकीच्या वेळी, चुकीच्या पेशीत उत्तर शोधणे

कॅल्शियमची लाट काही सेकंदांत येते, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन ई२ (संकेत-रेणू) मिनिटांपासून तासांत, मॅट्रिक्समधले (पेशीभोवतीच्या जाळ्यातले) बदल दिवसांत. २४ तासांनी एकच नमुना घेऊन 'प्रतिसाद नाही' असे लिहू नका. स्क्लेरोस्टिन (हाडाची वाढ रोखणारे प्रथिन) पाहायचे असेल तर एमएलओ-वाय४ ही ऑस्टिओसाइटसारखी प्रयोगशाळेतली पेशी टाळा, तिच्यात ते फारच कमी असते. त्याऐवजी आयडीजी-एसडब्ल्यू३ किंवा ओसीवाय४५४ या पेशी घ्या. बीटा-ॲक्टिन हे एकमेव संदर्भ जनुक (ज्याच्या तुलनेत बाकी जनुके मोजतात ते) ठेवू नका: ॲक्टिन पेशीच्या सांगाड्याचे प्रथिन आहे, आणि भाराने तो सांगाडाच बदलतो.

आवर्तने वाढवली की प्रतिसाद वाढतो, हा समज सोडा. १९८४ साली रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर केलेल्या प्रयोगात दिवसाला ३६ आवर्तनांनंतर जास्त फायदा दिसला नाही. उंदरांच्या हाडावर ३६० आवर्तने सलग देण्यापेक्षा ९०-९० च्या चार खेपांत, मध्ये विश्रांती ठेवून दिली तेव्हा हाडाची वाढ जास्त झाली. प्रतिसाद मंदावला तर भार वाढवण्याआधी विश्रांती वाढवून पाहा.