घाना फिरायला जाताय? या चुका टाळा

पश्चिम आफ्रिकेतला घाना नकाशावर बघितला की माणूस फसतो. देश साधारण 2 लाख 38 हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून बराच लहान. कारभाराची भाषा इंग्रजी. मग काय, सहा दिवसांत राजधानी अक्रा, किनाऱ्यावरचं केप कोस्ट, मधलं कुमासी शहर आणि वर उत्तरेचे हत्ती, असा बेत कागदावर झकास बसतो. आमचाही बसला होता. दुसऱ्याच दिवशी अक्राबाहेरच्या कासोआ गावाच्या ट्रॅफिकमध्ये तो उसवला. अक्रा ते केप कोस्ट जेमतेम दीडशे किलोमीटर, पण गाडी अशी अडकली की डोक्यावर पाण्याच्या पिशव्या आणि केळ्याचे वेफर्स घेऊन विकणारी पोरं आमच्या पुढे चालत निघून गेली.

तेव्हा सहा दिवस असतील तर अक्रा आणि केप कोस्टचा किनारा एवढंच धरा. दहा दिवस असतील तर कुमासी जोडा. उत्तरेतलं मोलेचं हत्तींचं जंगल बघायचंच असेल तर तमाले शहरापर्यंत विमानाने जा. रस्त्याने जायचा हट्ट केलात तर जाता-येता दोन दिवस गाडीतच संपतील.

पिवळा ताप आणि पिवळी पुस्तिका

घानात उतरताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला, म्हणजे ती पिवळी पुस्तिका, मागतात. ही लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि आपल्याकडे ती फक्त ठरावीक अधिकृत केंद्रांवर मिळते. तिकीट काढल्यावर आठवडाभर आधी धावपळ करणारे इथेच अडकतात. खरी मेख मात्र परतीत आहे. घानाहून येणाऱ्याकडे दाखला नसेल तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून ती पुस्तिका मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टलाच रबर लावून ठेवा. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना त्याच भेटीत विचारून घ्या.

किल्ला म्हणून जाऊ नका

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रायगड नाहीतर सिंधुदुर्ग येतो. चढायचं, बुरुजावरून वारा खायचा, फोटो काढायचे. त्याच मनाने आपण एलमिना आणि केप कोस्टला जातो, आणि घानात सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. एलमिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 साली सोन्याच्या व्यापारासाठी बांधायला घेतला, 1637 मध्ये तो डचांनी घेतला, 1872 मध्ये इंग्रजांकडे गेला. मधल्या काळात इथून सोन्याऐवजी गुलाम केलेली माणसं जहाजावर चढू लागली. केप कोस्टच्या किल्ल्याची कथाही तीच. या किनाऱ्यावरचे किल्ले 1979 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

केप कोस्टला पुरुषांना कोंडायच्या तळघरात उतरलो तेव्हा आमच्या गाइडने एकच दिवा होता तो विझवला. उंचावरच्या एका झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. पायाखाली दगडात खोदलेलं गटार. आणि मग तो शांतपणे म्हणाला, या छताच्या बरोबर वर प्रार्थनामंदिर होतं. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. बाहेर पडताना 'परत न येण्याचं दार' लागतं. ते उघडलं की डोळे दिपतात. समोर रंगीत होड्या, जाळी दुरुस्त करणारे कोळी, चेंडूमागे धावणारी पोरं. मागे वळून बघितलं तर त्याच दारावर बाहेरच्या बाजूने 'परतीचं दार' अशी पाटी आहे.

आमच्या गटात अमेरिकेहून आलेलं एक कृष्णवर्णीय कुटुंब होतं. त्यांचे पूर्वज अशाच एखाद्या दारातून गेले असणार. 2019 मध्ये, व्हर्जिनियात आफ्रिकी गुलाम उतरवल्याला 400 वर्षं झाली तेव्हा, घानाने 'परतीचं वर्ष' पाळलं आणि असे हजारो लोक आले. त्या कुटुंबातली बाई भिंतीला हात लावून रडत असताना मागे कोणीतरी दारात सेल्फीसाठी केस सारखे करत होतं. ते आपण नसावं, एवढं बघा. गाइडला टाळून आत घुसू नका, कारण न सांगता कळेल असं इथे फार थोडं आहे. आणि दोन्ही किल्ले एका दिवसात उरकू नका. वेळ कमी असेल तर एकच बघा.

काकुमला प्राणी शोधू नका

केप कोस्टहून तीसेक किलोमीटरवर काकुम राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे झाडांच्या शेंड्यांतून जाणारा दोरांचा झुलता मार्ग 1995 पासून आहे. सात पूल, एकूण लांबी साधारण 350 मीटर, आणि खाली बघवत असेल तर जमीन 40 मीटरपर्यंत खोल. लोक हत्ती दिसेल म्हणून जातात आणि हिरमुसून येतात. हत्ती आहेत, पण दाट रानात ते दिसणं नशिबाची गोष्ट. शनिवारी-रविवारी शाळांच्या सहली असतात आणि पुलावर मुंबई लोकलसारखी रांग लागते. आठवड्यातला मधला दिवस धरा, दार उघडताच पोचा. सुट्टीचा वारच वाट्याला आला असेल तर केप कोस्टहून अगदी पहाटे निघा, दुसरा उपाय नाही.

हत्ती खरोखर बघायचे असतील तर मोले. तिथे बंदूकधारी रक्षकाबरोबर चक्क पायी फिरता येतं. पण जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत जा, तेव्हा प्राणी पाणवठ्यावर येतात. पावसाळ्यात गेलात तर उंच गवत बघून याल. जवळच लाराबंगाची मातीची, भिंतींतून लाकडं बाहेर आलेली जुनी मशीद आहे. मुस्लिमेतरांनी ती बाहेरूनच बघायची असते.

तारखा न बघता तिकीट काढणं

डिसेंबर ते फेब्रुवारीत सहाराकडून हरमटान वारा सुटतो. हवेत धूळ, ओठ फुटतात, फोटोत सगळं पिठात घोळल्यासारखं. डिसेंबरात अक्राची हॉटेलं महागही होतात. दक्षिणेत एप्रिल ते जून जोराचा पाऊस. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अक्रा ही गा लोकांची भूमी, आणि त्यांच्या होमोवो सणाआधी, मे-जूनच्या सुमारास, महिनाभर ढोल वाजवायला आणि गोंगाटाला बंदी असते. नेमकं त्याच दिवसांत ढोल ऐकायला गेलात तर हात हलवत परत याल.

कुमासीला जाताना अकवासिदाएची तारीख बघा. हा सोहळा दर सहा आठवड्यांनी रविवारी येतो. तिथल्या असांटी लोकांचा राजा मोठ्या छत्राखाली बसतो, सोन्याने मढलेले सरदार येतात. ही तारीख चुकली तरी राजाच्या मानहिया राजवाड्याचं संग्रहालय आहेच, पण एक आठवडा पुढे-मागे करून ती साधता येत असेल तर जरूर साधा.

केंटे घेताना उलटी बाजू बघा

कुमासीजवळच्या बोनविरे गावात केंटे, म्हणजे तिथलं रंगीत हातमागाचं कापड, विणतात. अरुंद पट्ट्या मागावर विणून मग शेजारी शेजारी शिवतात. बाजारात मात्र छापील कापडही केंटे म्हणूनच पुढे करतात. पैठणी पारखणाऱ्यांना इथे काही शिकवायला नको. कापड उलटा. छापील असेल तर मागून रंग फिका दिसेल. पट्ट्यांमधली शिवण बोटाला लागली पाहिजे. छापील घेतलंत म्हणून काही बिघडत नाही, फक्त हातमागाचा भाव देऊ नका. अक्राच्या हस्तकला बाजारात कोणी नाव विचारून तुमच्या नावाचा दोरा मनगटावर विणायला लागला, तर हसून 'दाबी, मेदासी' म्हणजे 'नको, आभारी आहे' म्हणा आणि चालू लागा.

कुठेही भाव विचारण्याआधी नमस्कार-चमत्कार करा. 'गुड मॉर्निंग'शिवाय थेट 'कितीला?' हे तिथे उद्धट वाटतं. डावा हात पुढे करायचा नाही हे आपल्याला घरीच शिकवलेलं असतं, पण उजव्या हातात मोबाइल असला की ते विसरतं.

शाकाहारी मंडळींसाठी

'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. शितो नावाचा काळा तिखट ठेचा सगळ्याबरोबर येतो, त्यात सुकी मासळी आणि सुकट असते. सूपमधून तुकडे काढून देतील, पण पाणी मांसाचंच. त्यातल्या त्यात रेड-रेड मागा. लाल पामतेलातली चवळीची उसळ आणि बरोबर पिकलेली तळलेली केळी, पण मासळी घातली नाही ना हे विचारून. सकाळी वाच्ये घ्या, म्हणजे ज्वारीच्या पानांनी तांबूस झालेला चवळी-भात, शितो वगळून. दुपारपर्यंत पातेलं रिकामं होतं. संध्याकाळी रस्त्यावर केलेवेले, आलं-मिरची लावून तळलेली केळी. आणि फुफू, म्हणजे कसावा आणि केळी कुटून केलेला मऊ गोळा, चावत बसू नका, तो गिळायचा असतो.

यूपीआयच्या भरवशावर राहू नका. तिथे मोबाइल मनी चालतं किंवा रोख सेडी, म्हणजे तिथलं चलन, आणि ट्रोट्रोत, म्हणजे तिथल्या शेअर मिनीबसमध्ये, चढलात तर सुट्टे हवेतच. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. दारात लटकलेला 'मेट' म्हणजे कंडक्टर 'सर्क-सर्क-सर्क' ओरडत असला तर ती अक्राच्या न्क्रुमा सर्कल चौकाची गाडी. वाहनं उजवीकडून चालतात, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा.

आणि निघण्याआधी आपला जन्मवार माहीत करून घ्या. तिथे वारावरून नाव पडतं. शनिवारचा मुलगा क्वामे, जसे घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे न्क्रुमा, आणि शुक्रवारचा कोफी. ओळख झाली की दुसरा प्रश्न हाच. मला वार ठाऊक नव्हता. संध्याकाळी साडेसहाला आईला फोन लावला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजले होते हे लक्षातच आलं नाही. तिने आधी 'काय झालं?' म्हणून घाबरून विचारलं, मग पुटपुटत कपाटातून पत्रिका काढली. रविवार निघाला. तेव्हापासून तिथल्या चहावालीसाठी मी क्वासी.