डिस्प्ले कशामुळे आला?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामाला नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी हे काम ठाण्यात, स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानात शिकले. 'ग्राफिक्स कार्ड बदललं आणि डिस्प्ले गेला' ही तक्रार आमच्याकडे सतत येते. ती कशी हाताळायची हे मला पहिल्याच वर्षी घणसोलीतल्या एका घरात कळलं, तेही चूक करून.

त्या काकूंचा मुलगा थ्रीडी ॲनिमेशन शिकत होता, त्याच्यासाठी नवं कार्ड घेतलं होतं. मॉनिटर कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड. मागे चित्राची वायर लावायला व्हीजीए, डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट हे पोर्ट होते, एचडीएमआय नव्हतंच. इतके दिवस तो मदरबोर्डच्या व्हीजीएवर चालला. नव्या कार्डांना व्हीजीए नसतं, म्हणून मुलाने एक वायर आणून ठेवली होती. तिच्या एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट. एचडीएमआय कार्डात, डिस्प्लेपोर्ट मॉनिटरमध्ये. मशीन सुरू केलं, पंखे फिरले आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल'.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, जुना दिसला, मी त्याच्यावर ठपका ठेवला. दुसऱ्या दिवशी नवा घेऊन गेले, तो बसवला, रॅम काढून खोडरबराने साफ केली, आणि दुकानातून नेलेली साधी डिस्प्लेपोर्टची वायर लावली. सगळं एकाच वेळी. डिस्प्ले आला. काकूंनी चहा केला, एसएमपीएसचे पैसे दिले, मी खुशीत परत आले.

दुकानात मला काम शिकवणाऱ्या दादांनी एकच विचारलं, "कशामुळे आला?"

मला सांगता येईना. त्यांनी मला तिसऱ्यांदा घणसोलीला धाडलं. जुना एसएमपीएस परत लावला, डिस्प्ले होताच. मग मुलाची वायर परत लावली आणि स्क्रीन काळी झाली. दोष फक्त वायरचा होता. या वायरी एकाच दिशेने चालतात. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयचा सिग्नल निघू शकतो, त्यामुळे कार्डाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल तर साधी वायर पुरते. उलट्या बाजूने जायचं तर मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. टोकं हातात घेऊन बघा: डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा तिरका कापलेला असतो, एचडीएमआय खालच्या दोन्ही बाजूंनी निमुळतं होतं. काकूंना एसएमपीएसचे पैसे परत दिले. नाहक खर्चात पाडल्याचं मला फार लागलं होतं.

तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलते. आणि काहीही उघडायच्या आधी कीबोर्डवरचं नम लॉक दाबते. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून चालू आहे, फक्त चित्र बाहेर येत नाहीये. मग मॉनिटरचा सोर्स, वायर, पोर्ट बघायचे. वायर जुन्या सवयीने बोर्डच्याच एचडीएमआयमध्ये राहिलेली असते, हे तर कितीदा तरी पाहिलंय. दिवा ढिम्म असेल तर मात्र कॅबिनेट उघडायचं. आधी भिंतीवरचं बटण बंद, पिन बाहेर, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवायची.

कार्ड नीट बसलंय का, हे डोळा स्लॉटच्या पातळीला आणून बघा. स्वस्त कॅबिनेटचा मागचा पत्रा जरा वाकडा असतो. स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक उचललं जातं आणि तिथे सोनेरी पट्टीची बारीक रेघ दिसते. ती दिसली तर कार्ड बसलेलं नाही, लॉकचा 'टक' आवाज आला असला तरी.

पॉवरचं गणित पाठ करा. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॉट, एसएमपीएसच्या 6 पिनच्या वायरीतून 75, 8 पिनच्या वायरीतून 150. प्रोसेसरची 8 पिनही तशीच दिसते, पण ती 4 अधिक 4 अशी फुटते, कार्डाची 6 अधिक 2. जोर लावून काहीही घुसवू नका. डेस्कटॉप व्यवस्थित चालतो आणि रेंडर (थ्रीडी सीनचं चित्र बनवायचं जड काम) लावला की मशीन रिस्टार्ट होतं, तेव्हा एसएमपीएसवर पहिला संशय घ्यायचा.

'कार्ड काढून ऑनबोर्डवर', म्हणजे मदरबोर्डच्याच पोर्टवर, 'बघू' हा उपाय प्रत्येक मशीनवर चालत नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, जसं 12400एफ, तर त्यात ग्राफिक्सच नसतं. तिथे काळी स्क्रीन बघून बोर्ड गेला असं सांगून बसू नका.

बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या सेटिंगला, हात लावताना फार जपा. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सेटिंग) बंद केलं आणि विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीने विभागलेल्या) डिस्कवर असेल, तर ती बूटच होणार नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती की घरात कोणालाच माहीत नसते. बोर्डवरचा सेल काढून बायोस रिसेट केलं तरी हीच भीती. म्हणून आधी विचारा, रिकव्हरी की हाताशी ठेवा आणि सेटिंगचे फोटो काढा.

डिस्प्ले आला पण अक्षरं मोठाली, फाटल्यासारखी दिसतायत, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलंय, तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचा राहिलाय. एनव्हिडियाच्या कार्डावरून एएमडीच्या कार्डावर किंवा उलट गेला असाल तर नेट काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर पुसा आणि मगच नवा टाका. 144 हर्ट्झचा मॉनिटर 60 वर अडकलेला असेल तर तेही सेटिंगमध्ये जाऊन बदला.

जुनं कार्ड कस्टमरला त्याच दिवशी विकू देऊ नका, आठवडाभर घरात राहू दे. आणि निघण्याआधी अर्धा तास थांबा, त्याच्याच प्रोजेक्टचा रेंडर लावायला सांगा. काकूंच्या मुलाने तेव्हा एका कंदिलाचा रेंडर लावला होता. तो पूर्ण होईपर्यंत आम्ही तिघंही स्क्रीनसमोरून हललो नाही.