भिंत रंगवायच्या आधी

अनुदान जमा झालं की शाळेत पहिला येतो तो पेंटर. मोर, पाढे, फळांची नावं, छोटा भीम. साहेब फोटो काढून जातात. पोरं थोडे दिवस बघतात, मग ती भिंत त्यांच्या लेखी संपते. तिच्यात त्यांनी करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पट तीसच्या आत, म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला फार तर १०,००० रुपये. त्यातच खडू, झाडू आणि वीजबिल. उरेल त्यात मुलांना स्वतः काही करता येईल अशी जागा कशी करता येते, ते लिहिते.

आधी ऊन आवरा. आपल्या विदर्भात मार्चपासून सकाळची शाळा, आणि नवं सत्रही बाकी राज्याच्या मागून, जूनच्या अखेरीस. टिनाखाली तापलेलं पोर फार तर गप्प बसतं. त्याच्याकडून चित्राची, गोष्टीची अपेक्षा करू नका. फेब्रुवारी सरता सरता टिनावर दाट चुन्याचे दोन हात द्या. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी. आतून बांबूची नाहीतर तुराट्यांची तट्टी बांधा, टिनापासून वीतभर खाली, दोन्ही टोकं मोकळी, म्हणजे गरम हवा कोंडत नाही. विजेची वायर तट्टीला टेकता कामा नये. पश्चिमेच्या भिंतीबाहेर करंज लावा. सावली दाट, आणि जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत.

मग फळा. पहिलीतलं मूल साडेतीन फुटांचं असतं आणि आपला फळा सुरूच होतो तीन फुटांवर! मुलांसाठी वेगळी काळी पट्टी करा: जमिनीपासून एक फूट सोडून चार फुटांपर्यंत, लांबी भिंत देईल तेवढी. खालचा फूट सोडायचा कारण तिथे ओल चढते आणि रंगाचे पोपडे निघतात. गवंड्याला गिलावा चांगला घोटून द्यायला सांगा, तो पूर्ण वाळू द्या, मगच फळ्याच्या रंगाचे दोन हात. त्यावर रेघा, चौकटी, सुविचार काही नको. आणि संध्याकाळी सरसकट पुसायचं नाही. आमच्याकडे दुसरीतली एक मुलगी कोपऱ्यात बैलबंडी काढायची. रोज त्यात थोडा कापूस चढवायची. कापूस बंडीबाहेर गेला, तसे तिने बैल मोठे केले. एवढं ओझं ओढायचं तर बैलही तसेच हवेत, हा तिचा हिशेब. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी एकदा झाडता झाडता ती पुसली, तर दुसऱ्या दिवशी पोरगी माझ्यापुढे उभी: "बाई, माही बंडी काहून पुसली?" तेव्हापासून पुसण्याआधी विचारायचं, हा नियम ताईंनीच केला.

व्हरांड्यातली एखादी भिंत मातीला द्या. सेवाग्रामला जाल तेव्हा बापूकुटीच्या भिंती नीट बघा. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठवलाय. आपली काळी माती नुसती लावली तर वाळताना तडकते. तिच्यात बारीक वाळू, गव्हांडा (गव्हाचा भुसा) आणि थोडं शेण कालवा, रात्रभर मुरू द्या. तान्ह्या पोळ्याच्या (पोरांच्या बैलपोळ्याच्या) आधी हे काम काढलं तर काय बनवायचं ते सांगावं लागत नाही, भिंतभर बैल उठतात. पोळा झाला की खरवडा, भिजवा आणि पुन्हा लावा.

अंगणात उन्हात एक खांब रोवा. त्याच्या सावलीभोवती मुलं खडूने रेघ मारतात, मधल्या सुट्टीनंतर बघतात तर सावली सरकलेली. डिसेंबरात ती दुपारीही लांब असते. बाकी घसरगुंडी वगैरे मिळाली तर घ्या, नाही मिळाली तरी अडत नाही.

सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचा भाग म्हणजे सुटं सामान. सायमन निकल्सन या इंग्रज माणसाने १९७१ मध्येच मांडलं होतं की हलवता-जोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त आणि जितक्या तऱ्हेच्या, तितकं मुलांचं डोकं नवं काही करण्यात चालतं. ज्याला धुळामातीत खेळू दिलंय, त्याला हे नवीन नाही. चिंचोके, बांबूचे तुकडे, पळसाची पानं, नदीचे गोटे, छपराची फुटकी कवेलू (धार दगडावर घासून), सुतळी, जुनी पोती. बांबूची कुसळं काढूनच द्या.

पण काही गोष्टी अजिबात नकोत. गुंजा, एरंडी आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या दिसायला छान, पोटात गेल्या तर विष. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतलेला असो, आवारात येऊ देऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण पाहिलंय. पालक हौसेने पऱ्हाट्याही (कपाशीच्या वाळल्या काड्या) आणून देतात. त्यांच्यावरही फवारे बसलेले असतात, परत पाठवा.

सामान ढिगाने ठेवलं की विंचू येतोच. टोपल्या फळीवर ठेवा, आणि पावसाळ्यात रोज सकाळी मोठ्या माणसाने काठीने हलवून मगच खाली घ्या. हे काम चौथीच्या मुलांवर टाकू नका.