एमईआर अर्धवट, तर घर लांब

बेळगावात ‘समिती’ म्हटलं की लोकांना महाराष्ट्र एकीकरण समिती आठवते. दत्तक संस्थेत नव्यानं रुजू झालेल्या समाजकार्यकर्त्याचा रोजचा संबंध येतो तो बालकल्याण समितीशी. मूल दत्तकासाठी मोकळं असल्याचा तिचा आदेश, म्हणजे आपल्या भाषेत ‘लीगली फ्री’, हातात पडेपर्यंत घर शोधायला सुरुवातच करता येत नाही. टाकून दिलेलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर या आदेशाला दोन महिन्यांची मुदत, मोठं असेल तर चार. आईबापांनी स्वतः सोपवलं असेल तर त्यांना फेरविचारासाठी 60 दिवस.

हे दिवस नुसते जाऊ देऊ नका. आदेशानंतर दहा दिवसांत बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल (एमईआर) केंद्राच्या दत्तक पोर्टलवर चढवायचा असतो, आणि तेवढ्यात तज्ज्ञांची तारीख मिळत नाही. विशेष गरजा असलेल्या मुलाचं घर बहुतेक वेळा या एमईआरवरच अडतं. ‘हृदयाला छिद्र’ एवढंच लिहिलं तर वाचणारे पालक घाबरून पुढं सरकतात. छिद्र कुठं, किती मिलिमीटर, इको (हृदयाची सोनोग्राफी) कधीचा, शस्त्रक्रिया लागणार की नुसतं लक्ष ठेवायचं, हे लिहिलं की तेच पालक आपल्या डॉक्टरला विचारायला जातात. डाउन सिंड्रोमचा नुसता संशय लिहू नका, कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करून घ्या. ‘ऐकू येत नाही’ असं लिहिण्याआधी बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) तपासणी हवी. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची अँटिबॉडी तपासणी 18 महिन्यांपर्यंत फसवी निघू शकते, कारण त्या अँटिबॉडी आईकडून आलेल्या असतात. पीसीआर (थेट विषाणू शोधणारी चाचणी) न करता ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेल्या एका शब्दानं बाळाचं वर्ष वाया जातं.

विशेष गरजांच्या मुलासाठी पालकांना नेहमीच्या रांगेत थांबावं लागत नाही. नोंदणी आणि गृहअध्ययन (समाजकार्यकर्त्यानं घरी जाऊन केलेली पाहणी) झालेलं असलं की ते मूल पाहून राखून ठेवू शकतात. दोन मुलं असलेल्या जोडप्यालाही हा रस्ता उघडा आहे. घाईत मूल चांगल्या घरी जावं म्हणून फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा मोह नवख्यांना होतोच. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘ओळखीचे आहेत, मूल थेट द्या, नोटरी करून देऊ’ म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

मूल द्यायच्या दिवशी फाइलपेक्षा साध्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. वळलेल्या पायाच्या बाळासोबत ब्रेस (पाय सरळ धरून ठेवणारे, दांडीनं जोडलेले बूट) जायलाच हवा. टाच बुटात तळाला टेकली की नाही हे कसं पाहायचं, पट्टा आधी कुठला आवळायचा, ते आईबापांकडून आपल्यासमोर दोनदा करून घ्या. प्लास्टर निघाल्यावर तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. ‘बाळ रडतंय’ म्हणून ब्रेस काढला की पाय पुन्हा वळतो.

आणि भाषा. संस्थेत सांभाळणाऱ्या आयांच्या कन्नडात वाढलेलं तीन वर्षांचं पोर कोल्हापूरच्या घरी ‘नीरु बेकु’ म्हणत रडतं, घरच्यांना वाटतं बुद्धीच मंद आहे. पाणी मागतंय बिचारं. ‘नीरु’, ‘ऊटा’, ‘साकु’ असे त्याचे वीसेक शब्द मराठी अर्थासकट कागदावर लिहून द्या. निपाणी-खानापूरकडच्या पालकांना हे कळतं, कोल्हापूरकडच्यांना नाही.

पूर्व-दत्तक संगोपनात, म्हणजे दत्तक आदेशाआधीच, मूल घरी गेलं तरी काम संपत नाही. दत्तक आदेश सप्टेंबर 2022 पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आपल्याकडे म्हणजे डीसी ऑफिस. मूल घरी गेल्या दिवसापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा. पहिल्या भेटीला घरचे ‘सगळं ठीक’ म्हणतात. तेव्हा चहा होईपर्यंत बसा आणि थेरपीची वही मागा. शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे ते बघा.