घरी बनवलेल्या एलईडी दिव्याची उष्णता कशी आवरावी

एलईडी तापत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. जुन्या बल्बसारखी धग समोर जाणवत नाही इतकेच; चिपला दिलेल्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णतेतच जातो आणि ती उष्णता पाठीमागून काढून घ्यावी लागते. वाचनाच्या टेबलासाठी १० वॉटच्या चिपचा दिवा करायचा आहे, असे धरू.

आधी हिशेब करावा. १० पैकी ७ वॉट उष्णता मानावी. हीट सिंकच्या (चिपची उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या, पाती असलेल्या धातूच्या ठोकळ्याच्या) माहितीपत्रकात ‘४ अंश प्रतिवॉट’ लिहिले असेल, तर तो खोलीपेक्षा २८ अंशांनी तापेल. म्हणजे उन्हाळ्यात ३५ अंशांच्या खोलीत ६३ अंश, आणि चिपचा गाभा त्याहूनही वर. म्हणून ३ किंवा त्याहून कमी आकड्याचा हीट सिंक घ्यावा.

खरी गफलत होते ती जोडणीत. चिप आणि हीट सिंक यांचे पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावेत व मध्ये थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर द्यावा. पेस्टचे काम सूक्ष्म खाचांतील हवा हटवण्यापुरतेच असते; ती हवेपेक्षा उष्णता चांगली वाहून नेत असली, तरी ॲल्युमिनियमच्या तुलनेत फारच मागे असल्यामुळे जाड थर उलट अडसर ठरतो. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडेथोडे आवळावेत, नाहीतर चिपचा तळ वाकतो. डागकाम धातूला टेकणार नाही, हेही पाहावे.

हीट सिंकची पाती उभी ठेवावीत आणि आवरणाला खाली-वर भोके पाडावीत, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाते.

ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवी तशी वीज पुरवणारा भाग, स्थिर प्रवाहाचाच आणि मेन्सपासून (घरातल्या वीजपुरवठ्यापासून) विलग असलेला घ्यावा. चिप तापली की तिला लागणारा व्होल्टेज उतरतो. अशा वेळी व्होल्टेज स्थिर ठेवला तर प्रवाह वाढतो, त्याने चिप आणखी तापते आणि हे चक्र चिप जळेपर्यंत चालू शकते. ड्रायव्हर हीट सिंकपासून दूर बसवावा, कारण त्यातले कपॅसिटर उष्णतेने लवकर निकामी होतात.

शेवटी आवरण बंद करून दिवा तासभर चालवावा आणि चिपलगत चिकटवलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेच्या संवेदकाने) तापमान पाहावे. ते ६० अंशांपुढे गेले, तर मोठा हीट सिंक शोधण्याआधी प्रवाह ९०० वरून ७०० मिलिअँपिअरवर आणून पाहावा. उजेडातला फरक डोळ्याला फारसा कळत नाही. मग पुन्हा तासभर चाचणी घ्यावी.