प्रवासातल्या फोटोत खेळण्यातलं गाव
टिल्ट-शिफ्ट इफेक्टसाठी, म्हणजे खरं दृश्य खेळण्यातल्या गावासारखं छोटं दिसावं यासाठी, गच्चीवरून किंवा टेकडीवरून खाली बघत काढलेला फोटोच घ्या. समोरून काढलेल्या फोटोत ही जादू होत नाही. आधी फोटोची कॉपी करा. स्नॅपसीड या फोटो-एडिटिंग अ‍ॅपमध्ये लेन्स ब्लर उघडून सरळ पट्टा निवडा आणि फोटोच्या उंचीच्या साधारण पाचव्या भागाइतकाच स्पष्ट ठेवा. अगदी जवळून टिपलेल्या छोट्या वस्तूंमध्ये फोकस असाच अरुंद असतो, म्हणून डोळा फसतो. मग सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) २५-३० ने वाढवा. बस, रिक्षा रंगवलेल्या खेळण्यांसारख्या दिसू लागतात. फोटो हमखास बिघडतो तो उंच मनोऱ्यामुळे: पायथा स्पष्ट आणि कळस धूसर, म्हणजे खोटेपणा लगेच उघडा पडतो. असा मनोरा क्रॉप करा, नाहीतर दुसरा फोटो घ्या.