आंबोलीत पावसाळी मुक्काम: जंगल कसं फिरायचं, अन् रात्रीचा ट्रेल वाया कसा जाऊ द्यायचा नाही

पावसात आंबोलीला येणारे बहुतेक लोक घाटातल्या मोठ्या धबधब्याखाली भिजतात, भाजलेलं कणीस खातात, कावळेसादला धुक्यात फोटो काढतात अन् संध्याकाळी घाट उतरतात. माझी त्याला ना नाही. पण जंगल बघायचं असेल तर किमान दोन रात्री राहा, कारण इथलं निम्म्याहून जास्त जंगल अंधार पडल्यावर जागं होतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंची, वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस, त्यामुळे निमसदाहरित जंगल, कातळाचे सडे (उघडी सपाट पठारं), ओढे अन् दिवसदिवस न हटणारं धुकं हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

दिवस ठरवणं

शनिवार-रविवार टाळा, हे पहिलं. आठवड्याच्या मधे या. बेडूक बघायचेत तर पहिला पाऊस नीट लागल्यापासून जुलैपर्यंत, पक्षी-फुलपाखरं अन् थोडं मोकळं आकाश हवं असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलैत सलग तीन दिवस धो धो पाऊस लागला की रात्री फिरण्यात अर्थ नसतो, पानांवरच्या पाण्याच्या आवाजात काही ऐकूच येत नाही. सर सरून गेल्यानंतरचा तास-दीड तास सगळ्यात चांगला, तेवढ्यासाठी हाताशी एक जादा रात्र ठेवा.

सावंतवाडीपर्यंत रेल्वे, पुढे एसटी किंवा रिक्षा. मुक्काम गावातच करा.

गाईड

स्थानिक गाईडच घ्या, अन् फोनवर "साप नक्की दिसेल ना?" हे विचारू नका. जो "हो, शंभर टक्के" म्हणेल तो नको. काही ठिकाणी मी असं बघितलंय की संध्याकाळी पकडून ठेवलेला साप किंवा बेडूक रात्री नेमका "सापडतो", फांदीवर मांडून ठेवलेला असतो अन् लोक टाळ्या वाजवतात. असला ट्रेल नुसता खोटा नाही, त्या जनावराच्या जिवावर बेतणारा आहे. विचारायचं ते एवढंच: एका वेळी किती माणसं नेता, अन् प्राण्याला हात लावता का. सहा-सात माणसांच्या वर असतील तर मी जात नाही. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्री शिरता येत नाही, चांगला गाईड तुम्हाला गावरस्ते, ओढ्याकाठ अन् मालकीच्या जमिनींवरून फिरवतो अन् तेवढ्यात भरपूर दिसतं.

दिवसाची भटकंती

सकाळी सहाला बाहेर पडा. शीळकरी कस्तुर ऐन पावसात गातो अन् माणसाने शीळ घालावी तसाच वाटतो, ओढ्याच्या बाजूला कान ठेवा. मग हिरण्यकेशी. नदी इथे गुहेतून उगम पावते, पुढे घटप्रभेला अन् तिच्यामार्फत कृष्णेला मिळते, म्हणजे अरबी समुद्र जवळ असून हे पाणी जातं बंगालच्या उपसागराकडे. देवळाच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा छोटा मासा आहे, २०२० साली विज्ञानाला नव्याने कळलेला, अन् त्याच्यामुळे २०२१ मधे ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. कुंडात पाय घालू नका, निर्माल्य टाकू नका, काठावर शांत बसलं तर मासा दिसतो.

कावळेसादला वारा दरीतून वर येतो अन् धबधब्याचं पाणी उलटं अंगावर उडवतो, तो प्रकार बघण्यासारखाच आहे. रेलिंगच्या अलीकडून बघा. ओला कातळ अन् शेवाळ यावर कुठलाही बूट धरत नाही, दुकानदार काही का सांगेना. महादेवगड, नांगरतास ही ठिकाणं वेळ असेल तर.

सड्यावर मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कातळाच्या खळग्यांत साठलेल्या उथळ पाण्यात पाय देऊ नका. आंबोली टोड म्हणून जो छोटा भेक आहे, अंगावर पिवळसर डाग अन् वाघासारखे आडवेतिडवे पट्टे असलेला, तो जगात फक्त या भागात सापडतो, अतिसंकटग्रस्त यादीत आहे अन् पावसाच्या सुरुवातीला अशाच डबक्यांत अंडी घालतो. रात्री गाडी चालवतानाही वीस-तीसच्या वर नको, हे भेक रस्त्यावर येतात अन् चाकाखाली जातात.

जळवा

मीठ, तंबाखू, काडेपेटी, पेट्रोल हे सगळं विसरा. मीठ टाकलं की जळू पोटातलं जखमेत ओकते, अन् तेच मीठ खाली सांडलं की ओल्या कातडीने श्वास घेणाऱ्या बेडकांना भोवतं. जळवेचं निमुळतं टोक तोंडाचं असतं, त्याच्या कडेने नख सपाट सरकवा, सुटलं की जाड टोक सोडवा अन् टिचकी मारा. रक्त बराच वेळ वाहतं कारण ती रक्त न गोठू देणारं द्रव्य सोडते, घाबरू नका, दाबून धरा, धुवा, पट्टी लावा. लांब मोजे पँटवरून ओढून घेतले की निम्मा प्रश्न सुटतो.

रात्रीचा ट्रेल

आता मुख्य. लोक सगळ्यात जास्त इथेच निराश होतात अन् मला स्वतःला सुरुवातीला इथेच काही जमत नव्हतं. गाईड थांबायचा, बोट दाखवायचा, बाकीचे "अरे वा" म्हणायचे अन् मला नुसती पानं दिसायची. नंतर कळलं की नजर कमी नव्हती, टॉर्च चुकीच्या जागी धरत होतो, चालत भराभर होतो अन् शोधत भलतंच होतो.

टॉर्चपासून सुरू करतो. "जितका पॉवरफुल तितका चांगला" हा सल्ला ज्याने दिला असेल त्याने पावसाळी जंगल बघितलेलं नाही. धुक्यात तो भगभगीत पांढरा उजेड समोर भिंत उभी करतो, ओल्या पानांवरून तुमच्याच डोळ्यांत परत येतो अन् पलीकडचं सगळं काळंठिक्कर. मध्यम उजेडाचा, पिवळसर छटेचा साधा हातटॉर्च घ्या अन् तो कमरेशी न धरता कानशिलाशी, डोळ्याच्या बरोबरीने धरा. प्राण्यांच्या डोळ्यांतून परतणारा प्रकाश जिथून आला तिथेच परत जातो, त्यामुळे टॉर्च डोळ्याजवळ असेल तरच ती चमक तुम्हाला दिसते, हात खाली असला की तुमच्या पोटाला दिसते. हेडलॅम्प याच कारणासाठी चांगला, पण किडे थेट तोंडावर येतात अन् तुम्ही कोणाशी बोलायला वळलात की समोरच्याचे डोळे दिपतात, म्हणून मी तो फक्त वाट चालायला वापरतो.

असं धरून जमिनीवर उजेड फिरवा. गवतात हिरवट-निळसर ठिणग्या दिसतील, बहुतेक कोळी असतात. दवाचा थेंबही चमकतो पण डोकं जरा हलवलं की विझतो, कोळ्याचा डोळा चमकत राहतो. रस्त्यावर निखाऱ्यासारखा लाल ठिपका दिसला तर रातवा पक्षी बसलाय, पुढे जाऊ नका.

सापाचं मात्र वेगळं. सापाचे डोळे असे चमकत नाहीत, त्यामुळे चमक शोधत बसलात तर रात्रभर साप दिसणार नाही. आकार शोधायचा, अन् त्याहून जास्त म्हणजे चमक नसलेली जागा शोधायची. पावसात प्रत्येक पान चकाकतं, अन् मलबारी चापडा, इथला एक विषारी साप, तसा चकाकत नाही, त्यामुळे तो ओल्या झुडपात मळकट, कोरडा तुकडा वाटतो. हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी, कुठल्याही रंगात असतो म्हणून रंगावर जाऊ नका. तो भक्ष्याची वाट बघत गुडघ्यापासून डोक्याएवढ्या उंचीच्या फांदीवर वेटोळं घालून बसतो अन् जागा चांगली असली तर दिवसचे दिवस तिथेच असतो, म्हणूनच गाईडला "काल इथे होता" हे ठाऊक असतं, त्यात जादू काही नाही. हरणटोळ उलट रात्री झोपतो, दिवसा पानात पान होऊन गेलेला हा साप उजेडात फिकट, वेगळा उठून दिसतो. फांदीच्या अगदी टोकाला झोपलेले सरडेही तसेच. एक झुडूप घ्या, खालून वर बघा, पानांची खालची बाजू बघा, मग पुढचं झुडूप. दोन-अडीच तासांत एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. चार किलोमीटर चालवणारा नाईट ट्रेल पायांना व्यायाम, बाकी काही नाही.

गाईडने दाखवलेलं दिसत नसेल तर "कुठे, कुठे" करत पुढे घुसू नका. जागचं न हलता विचारा: जमिनीपासून किती उंच, कुठल्या झाडावर, कुठल्या पानाच्या मागे. त्याच्या खांद्याला खांदा लावून त्याच्याच कोनातून बघा, एक पाऊल बाजूला सरकलं तरी पान आड येतं. दिसलं की बाजूला व्हा, मागच्याला जागा द्या.

बेडूक कानाने शोधायचे. अन् इथे रेनकोट आडवा येतो. स्वस्तातला प्लास्टिकचा रेनकोट प्रत्येक पावलाला असा खसखसतो की शेजारचा बेडूक ऐकू येत नाही. मऊ कापडाचा घ्या किंवा सरळ छत्री घ्या, लोक हसले तरी चालेल. पायात रात्री गमबूट. आवाज आला की थांबा, दोघे जण पाच-सहा पावलं लांब उभे राहा अन् आपापल्या जागेवरून आवाजाकडे हात करा, दोन हातांच्या रेषा जिथे मिळतात तिथे बेडूक. तुम्ही जवळ गेलात की तो गप्प होतो. यावेळी टॉर्च फिरवत बसणं म्हणजे वेळ घालवणं. सगळे दिवे बंद करा, तीन-चार मिनिटं हलू नका, तो परत सुरू करतो, मग हळूच उजेड. डबक्यावर झुकलेल्या फांद्या बघा, मलबारी उडता बेडूक तिथे असतो, हिरवागार, पायाच्या बोटांमधे लालसर-नारिंगी पडदा. पानांना फेसाचा गोळा चिकटलेला दिसला तर ते त्याचं घरटं, पिल्लं त्यातून खालच्या पाण्यात गळून पडतात. ती फांदी फोटोसाठी वाकवलीत तर पिल्लं कोरड्या जमिनीवर पडतील. हे मी ओरडून सांगतो कारण दरवर्षी कोणीतरी फांदी वाकवतंच.

हात तर कशालाच लावू नका. डास पळवायचं क्रीम लावलेला हात बेडकाच्या कातडीला विष आहे. अन् चापडा शांत दिसतो म्हणून मोबाईल त्याच्या तोंडाशी नेणारे मी बघितलेत. आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस अन् फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं आहे, चापड्यासाठी ते नाही. हातभर नाही, दीड मीटर लांब राहा. तरी चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळपट्टी काही नको, अवयव हलू न देता १०८ ला फोन अन् सरकारी दवाखाना. गवा समोर आला तर उजेड खाली करा, थांबा, सगळे मिळून मागे सरका. अस्वलाचा वावर असेल अन् गाईड "इथून परत" म्हणाला तर वाद न घालता परत.

शेवटची वीस मिनिटं दिवे बंद करायला राखून ठेवा. कुजत्या लाकडावरची चमकणारी बुरशी पश्चिम घाटात पावसाळ्यात ठिकठिकाणी असते, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनाच दिसते, अन् डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतातच. त्यात एकाने व्हॉट्सॲप उघडलं की सगळ्यांची सुरुवात पहिल्यापासून. मोबाईल सॅकमधे, खिशात नको, खिशातला हात जातोच. फोटोत दिसते तशी झगमग हिरवी अपेक्षा ठेवू नका, कॅमेरा कितीतरी सेकंद उजेड गोळा करतो. डोळ्याला आधी राखाडी धूसर डाग वाटतो, त्याच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा, मग फांदीची आख्खी कड उमटते.

परतल्यावर

आंघोळीच्या आधी कमरपट्टा, काखा, गुडघ्यामागे जळवा बघा. कपडे टांगा, सुकणार नाहीतच. बूट मात्र ब्रशने घासून चिखल काढा, साबणाने धुवा, आत वर्तमानपत्र कोंबा. कायट्रिड नावाची बुरशी जगभर बेडकांच्या मुळावर उठली आहे अन् ती ओल्या चिखलातून एका जंगलातून दुसऱ्यात जाते, त्यामुळे इथून पुढे चोर्ला किंवा अगुंबेला जाणार असाल तर बूट पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या जंगलात ते घालू नका, दुसरा जोड घ्या.